स्मृतिभ्रंश : हेतूंचा शोध आणि मेध्य द्रव्यांचा विवेक

‘हल्ली विसरायला होते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांची संख्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील आपल्या व्यवसायबंधूंच्या चिकित्सालयांत गेल्या काही वर्षांत वाढली असल्याचे बहुतेकांच्या ध्यानात आले असेल. पूर्वी वृद्ध मनुष्य घरातलाच एखादा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगू लागला, जेवूनही ‘मला जेवायला दिले नाही’ म्हणू लागला, की ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून घरचे विषय संपवीत. आता मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस, गावाकडे दोघेच वयस्कर, आणि शेगडी रात्रभर चालू राहिली किंवा आठवडे बाजारातून परतताना वाट चुकली की मग प्रश्न उघडकीस येतो. औषधविक्रेत्या बंधूंकडे तर ही मागणी वैद्याच्या चिठ्ठीवाचूनच येते. ‘स्मरणशक्तीचे काहीतरी द्या’ एवढ्यावर ब्राह्मीच्या गोळ्या वा सारस्वतारिष्टाची बाटली हातात पडते आणि निदान करण्याची वेळ आलेलीच नसते. सदर लेखात स्मृतिनाशाचे हेतू कसे शोधावेत आणि आपली मेध्य द्रव्ये कोठे, कशी व कोणास द्यावीत याविषयी आम्ही आमचे विचार वैद्यबंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

भारतातील ६० वर्षांवरील व्यक्तींच्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अनुमानानुसार या वयोगटातील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्ती डिमेन्शियाने पीडित आहेत. शंभरातील सात हा आकडा लहान वाटला तरी आपल्या बाह्यरुग्ण विभागात आठवड्याला येणारे वृद्ध मोजून पाहिले, तर यातील किती आपल्या समोरून नुसत्याच सांधेदुखीचे तेल घेऊन गेले असतील याची कल्पना येईल.

शास्त्राची भूमिका

पाहिलेले, ऐकलेले व अनुभवलेले पुन्हा मनात उपस्थित होणे ही स्मृती, असे चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात सांगितले आहे. तेथेच धी, धृती व स्मृती यांच्या विभ्रंशातून प्रज्ञापराध घडतो असे प्रतिपादन आहे. वाग्भटांनी स्मृतीची गणना उदान वायूच्या कर्मांत केली आहे, तर बुद्धी व चित्त यांचे धारण प्राणवायूकडे, मेधा साधक पित्ताकडे आणि शिरातील इंद्रियांचे तर्पण तर्पक कफाकडे दिले आहे. म्हणजे स्मृती ही एका दोषाची मिरासदारी नाही. शार्ङ्गधरांनी तर आयुष्याच्या प्रत्येक दशकात एकेका भावाचा ऱ्हास सांगताना चौथ्या दशकाच्या वाट्यास मेधा आणि नवव्याच्या वाट्यास बुद्धी दिली आहे. चाळिशीनंतर नवे नाव चटकन न आठवणे आणि ऐंशीनंतर नातवाचा चेहराच न ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या क्रमातूनही सूचित होते.

परंतु व्यवहारात आम्हांस सर्वांत उपयोगी वाटला तो चरकोक्त स्मृतीच्या आठ कारणांचा उपदेश. निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, विपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग व पुनःश्रवण ही ती आठ कारणे. विद्यार्थिदशेत आपण ही यादी परीक्षेपुरती पाठ केली व सोडून दिली. वस्तुतः ती रुग्णपरीक्षणाची किल्ली आहे. रुग्णास तीन वस्तूंची नावे सांगावीत, पाच मिनिटे इकडचे तिकडचे बोलावे आणि मग ती नावे विचारावीत. न आठवल्यास खूण द्यावी : ‘एक फळ होते’, ‘एक अवजार होते’. खूण मिळताच, म्हणजे निमित्त वा सादृश्य मिळताच, जो पटकन सांगतो त्याच्या मनात वस्तू साठवलेली आहे, फक्त बाहेर काढता येत नाही. असे विषाद, निद्रानाश, थायरॉइडची मंदता, काही औषधांचा दुष्परिणाम यांत अधिक दिसते. खूण देऊनही ज्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटत नाही, ‘अशी नावे तुम्ही सांगितलीच नव्हती’ असे जो शपथेवर सांगतो, त्याच्यात ग्रहण व धारण यांचाच बिघाड आहे आणि अल्झायमरच्या व्याधीची शंका तेथे बळावते. हा भेद आधुनिक मज्जाविज्ञानही मानते. आपल्याकडे तो शब्दरूपाने आधीपासून होता, आपण तो वापरत नव्हतो इतकेच.

निरक्षर रुग्णास घड्याळ काढायला लावू नये वा उलटी वजाबाकी विचारू नये. हरियाणातील बल्लभगड येथे ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीत तयार केलेली परीक्षा याच अडचणीतून निर्माण झाली व १९९५ साली प्रसिद्ध झाली. आम्ही मराठी महिना, मागील सण, गावचा बाजारवार, दोनशेची नोट देऊन साठ रुपयांचा माल घेतल्यास परत किती, एवढेच विचारतो. अशा प्रश्नांस शेतकरी मनुष्य बिनचूक उत्तरे देतो, आणि चुकला तर ती चूक खरी असते. मात्र इतिहास रुग्णाकडून नव्हे तर सोबतच्या माणसाकडून घ्यावा. जो स्वतःच ‘मला फार विसरायला होते’ म्हणून चिंतेने येतो त्याच्यात बहुधा विषाद वा चिंता अधिक असते. ज्यास घरचे ओढून आणतात आणि जो ‘मला काही झाले नाही’ म्हणून हसतो, त्याच्याबद्दल अधिक काळजी करावी.

प्रथम भरून येणारी कारणे शोधावीत

स्मृतिनाशाच्या रुग्णात पहिला प्रश्न ‘कोणते मेध्य द्यावे’ हा नसून ‘यातले भरून येण्यासारखे काय आहे’ हा असला पाहिजे. येथे विलंब झाल्यास हानी कायमची होते म्हणून या भागावर आम्ही अधिक शब्द खर्च करीत आहोत.

आपल्या भागात सर्वांत आधी विचारात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी ग्रामीण व शहरी पुरुषांचा अभ्यास करून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळले. पुणे जिल्ह्याच्या सीमेला लागूनच सातारा आहे आणि आहार वेगळा नाही. त्यात माळकरी कुटुंबे, ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या मांस-मत्स्य नाही आणि आता दूधही विकण्यासाठी डेअरीत जाते, घरी चहापुरते उरते. भर म्हणून मधुमेहाची मेटफॉर्मिन व आम्लपित्ताची पॅन्टोप्राझोल ही दोन औषधे वर्षानुवर्षे चालू असतात. दोन्हींनी ब-१२ चे शोषण घटते. अन्नातले ब-१२ सुटे होण्यास जाठर आम्ल लागते आणि ते शोषले जाण्यास जठरात स्रवणारा एक विशिष्ट घटक लागतो. अग्निमांद्याने धातुपोषण खुंटते या आपल्या सिद्धांताचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

कोरेगाव बाजूचे एक माळकरी गृहस्थ, वय साठीच्या पुढचे, नऊ वर्षे मेटफॉर्मिन चालू, आमच्याकडे आले तेव्हा त्याआधी वर्षभर अन्यत्र सारस्वतारिष्ट व ब्राह्मी वटी घेत होते. तक्रार विस्मृतीची. परंतु चालताना पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात, अंधारात तोल जातो, जीभ गुळगुळीत व लाल, असा इतिहास विचारल्यावर मिळाला. ब-१२ तपासले तर अत्यंत कमी. इंजेक्शने सुरू झाल्यावर तीन महिन्यांत हिशेब पुन्हा जमू लागले, चिडचिड गेली, परंतु पायांची बधिरता व तोल आजही पूर्ववत नाही. ते गेलेले वर्ष परत मिळत नाही. अशा रुग्णास ब-१२ सुईने वा गोळीने देण्यात आयुर्वेदाचा कोणताही कमीपणा नाही, ते धातूचे पोषण आहे असेच समजावे. दोन सावधगिरीच्या गोष्टी येथे औषधविक्रेत्यांसाठीही सांगाव्याशा वाटतात. केवळ फॉलिक ॲसिडची गोळी दिल्यास पांडुता सुधारते, रक्ताचा अहवाल चांगला दिसतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र पडद्याआड चालूच राहते. आणि ‘शाकाहारी ब-१२’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पिरुलिनातील बहुतांश अंश हा ब-१२ सारखा दिसणारा परंतु मनुष्यशरीरास निरुपयोगी असा असतो.

दुसरे कारण थायरॉइडची मंदता. जाड झालेला आवाज, कोरडी त्वचा, मलावष्टंभ, थंडी सहन न होणे, मंद नाडी, सुजलेला चेहरा आणि त्यासोबत मंदावलेले विचार. कफावृत वाताचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. टी.एस.एच. ही एक तपासणी पुरेशी असते.

तिसरे विषाद. वृद्धाचा विषाद रडण्यातून दिसेलच असे नाही. तो भूक मंदावणे, पहाटे तीनला जाग येणे, देवपूजा सोडणे आणि ‘आठवत नाही, विचारू नका’ अशा उत्तरांतून दिसतो. कृष्णाकाठी हा प्रकार आम्ही महापुरांनंतर विशेष पाहिला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढले, त्यानंतर २०२१ मध्येही पूर आला. निवारा केंद्रातून परतलेल्या काही वृद्धांच्या बाबतीत घरचे सांगत, ‘पुरानंतरच डोके फिरले’. त्यांतील काहींत खरोखर विषाद होता व तो गेल्यावर स्मृती सुधारली. परंतु काहींत आजार पुराच्या आधीपासूनच हळूहळू चालू होता. ओळखीच्या घरात, ठरलेल्या कोनाड्यात ठरलेली वस्तू असल्याने तो झाकला गेला होता. घर बदलताच उघडा पडला. मुलीच्या घरी वा शहरातील सदनिकेत नेल्यावर ‘एकदम’ बिघडलेल्या वृद्धाचा इतिहास म्हणूनच मागे जाऊन विचारावा लागतो.

चौथी गोष्ट पडणे. न्हाणीघरात घसरून डोके आपटले, बाहेर जखम नाही, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. तीन ते सहा आठवड्यांनी सुस्ती, डोकेदुखी, विसरणे, एका बाजूचा अशक्तपणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांत तर विशेष. कवटीच्या आत साचलेले हे रक्त शस्त्रक्रियेने काढता येते व रुग्ण पूर्ववत होऊ शकतो. अशा रुग्णास घृत पाजत बसणे हा अक्षम्य कालक्षेप होय. तसेच विसरण्यासोबत पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल व मूत्रावर ताबा नसणे हे त्रिकूट दिसल्यास त्वरित मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टपणा आल्यास मूत्रसंसर्ग, फुप्फुसाचा संसर्ग, रक्तातील सोडियम वा साखर घटणे यांचा विचार प्रथम. तो स्मृतिभ्रंश नसून डिलिरियम असतो आणि रुग्णालयाची गरज असते.

मद्य, घोरण्यासह निद्रेत श्वास अडकणे, द्राक्षबागांत वर्षानुवर्षे फवारणी करणाऱ्यांत सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचा संपर्क, यांविषयीही प्रश्न विचारले पाहिजेत. तासगाव-मिरज पट्ट्यातील वैद्यबंधूंनी तरी तोंडावर कापड न बांधता फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याचा व्यवसाय-इतिहास केसपेपरवर लिहिण्याची सवय ठेवावी.

आपल्याच कपाटातील कारणे

आता थोडा अप्रिय विषय. वृद्धांत स्मृती बिघडवणाऱ्या औषधांची एक मोठी जाती अशी आहे की जी मेंदूतील ॲसिटिलकोलिन नावाच्या संदेशवाहकास अडवते. सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिन, पोटदुखीची डायसायक्लोमिन, झोपेसाठी दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलिन ही नित्याची उदाहरणे. झोपेची अल्प्राझोलाम ही वेगळ्या मार्गाने तेच करते. औषधविक्रेत्यांस ही यादी पाठ असावी. परंतु आयुर्वेदाच्या कपाटातही धोतरा आहे व खुरासानी ओवा आहे, आणि या दोन्ही द्रव्यांचे कर्म तंतोतंत हेच आहे. जुन्या श्वासाच्या रुग्णास महिनोन्महिने चालू असलेल्या कनकासवात धत्तूर पंचांग असते. निद्रेसाठी दिल्या जाणाऱ्या सर्पगंधा घनवटीत खुरासानी ओव्याबरोबर भांगही असते. पंचाहत्तरीच्या रुग्णास कनकासव, सर्दीची गोळी व सर्पगंधा घनवटी एकाच वेळी चालू असणे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. मुख शुष्क, मूत्र अडखळत, डोळ्यांस धूसर दिसते आणि स्मृती गेली, असे चित्र दिसल्यास नवे औषध लिहिण्यापूर्वी चालू औषधांची पिशवी टेबलावर ओतून घ्यावी. अनेकदा चिकित्सा तेथेच सापडते.

दुसरा विषय शिशाचा. शिसे हे मेंदूचे विष आहे, त्याने पांडुता, उदरशूल व स्मृतिमांद्य येते. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा सोमल आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्यातील अनेकांनी तो परकीयांचा कट मानला. रसौषधींचे शास्त्र न जाणता केलेली ती तपासणी होती हा आक्षेप काही अंशी योग्यही होता. तथापि ज्या औषधात शास्त्रानुसार धातू असायलाच नको अशा निव्वळ वनस्पतिज चूर्णात तो सापडत असेल, तर कट म्हणून भागत नाही. केंद्र शासनाने २००६ च्या आरंभापासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांस जड धातूंची तपासणी अनिवार्य केली. शिशासाठी दशलक्ष भागांत १०, सोमलासाठी ३, पारदासाठी १ आणि कॅडमियमसाठी ०.३ भाग ही कमाल मर्यादा आहे. आपल्या गावातील रुग्णाचा मेंदू परदेशी ग्राहकाच्या मेंदूहून कमी मोलाचा नाही, तेव्हा फार्मसीधारकांनी कच्च्या मालाच्या प्रत्येक खेपेचा असा अहवाल मागावा असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि पारद, गंधक, हरताळ, मनःशिला व ताम्र यांनी सिद्ध होणारा स्मृतिसागर रस हा नावावरून ‘स्मरणशक्तीचे औषध’ म्हणून काउंटरवरून देण्याचा पदार्थ मुळीच नाही. ज्याचे वृक्क क्षीण झाले आहेत अशा वृद्ध मधुमेह्यास तर तो देऊच नये.

हळद आणि स्मृती

सांगलीच्या वाचकांस या विषयात आस्था असणे स्वाभाविक आहे. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हरिपूरच्या पेवांची कीर्ती तर त्याहून कितीतरी जुनी. बल्लभगडच्या पाहणीत अल्झायमरचे प्रमाण जगातील अत्यल्पांपैकी आढळले आणि २००१ च्या सुमारास ते निष्कर्ष गाजले, तेव्हा भारतीयांच्या रोजच्या हळदीस त्याचे श्रेय देण्याची एक लाट आली. ती अजून ओसरलेली नाही. वर दिलेला ७.४ टक्क्यांचा आकडा पाहता भारतीयांस हा व्याधी होतच नाही ही समजूत आता टिकत नाही. रोगी लवकर दगावत असल्यास, वा घरच्यांनी लक्षण वार्धक्यात जमा केल्यास पाहणीत संख्या कमीच दिसणार. हळदीतील कर्क्युमिनचे प्रयोगशाळेतील गुण आशादायक आहेत, परंतु ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि अल्झायमरच्या रुग्णांवरील आजवरच्या लहान चाचण्यांत स्मृती सुधारल्याचे दिसलेले नाही. हरिद्रा प्रमेहघ्न आहे, व्रणशोधन आहे, तिचे स्थान भक्कम आहे. चरकोक्त मेध्य रसायनांच्या चौकडीत ती नाही आणि तिला तेथे ओढून आणण्याचे कारणही नाही.

उलट एक धोका आहे. पिवळेपणा उठून दिसावा म्हणून हळदीस लेड क्रोमेट चोळण्याची दुष्ट प्रथा उपखंडात काही ठिकाणी आढळली असून २०१९ साली बांगलादेशातील अभ्यासाने तेथील रक्तातील शिशाचा माग थेट हळदीपर्यंत नेला. आपल्या बाजारपेठेवर आरोप करण्याचा येथे हेतू नाही. आमचे म्हणणे एवढेच की ज्याच्या दारात अस्सल हळकुंड आहे त्याने परप्रांतातून तयार पूड का आणावी? फार्मसीसाठी हळकुंड घ्यावे, मोडून आतला रंग पाहावा, स्वतः दळावे. डोळे दिपवणाऱ्या पिवळ्या पुडीबद्दल साशंक असावे. स्मृतीसाठी रोज हळद-दूध घेणाऱ्याच्या पोटात शिसे जाणे याहून विपरीत ते काय!

मेध्य द्रव्ये : ओळख आणि वापर

चरकाचार्यांनी रसायनाध्यायात चार मेध्य रसायने सांगितली : मंडूकपर्णीचा स्वरस, दुधासह यष्टीमधुचूर्ण, मूळ व पुष्पांसह गुडूचीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. शंखपुष्पीस विशेष मेध्य म्हटले आहे. यातील पहिल्याच द्रव्यापाशी आपला गोंधळ सुरू होतो. महाबळेश्वर-पाटणच्या ओढ्याकाठी पसरणारी, वृक्काकार पानांची जी वेल आपले लोक ‘ब्राह्मी’ म्हणतात, व जिचे तेल डोक्यास लावतात, ती कारिवणा म्हणजे सेंटेला, शास्त्रातील मंडूकपर्णी. मांसल, लहान पानांची, पांढऱ्या-निळसर फुलांची जलब्राह्मी म्हणजे बॅकोपा ती खरी ब्राह्मी. दोन्ही मेध्य आहेत, परंतु एक नव्हेत. स्मृतीवरील आधुनिक चाचण्या बहुतांशी बॅकोपाच्या आहेत. ऑस्ट्रेलियात २००१ साली झालेल्या एका चाचणीत निरोगी व्यक्तींस रोज ३०० मिलिग्रॅम सत्त्व दिले असता १२ आठवड्यांनी शिकण्याची गती व धारण यांत सुधारणा दिसली. त्या निष्कर्षाच्या बळावर सेंटेला विकणे हा ग्राहकाशी अप्रामाणिकपणा होईल. मालाच्या बिलावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहून घ्यावे.

शंखपुष्पीची तीच कथा. फार्माकोपियात कॉन्व्होल्व्ह्युलस मान्य आहे, पण कोठे विष्णुक्रांता, केरळात गोकर्ण, बंगालात आणखी तिसरीच वनस्पती त्या नावाने वापरली जाते. मालकांगोणी, म्हणजे ज्योतिष्मती, मात्र सह्याद्रीत निःसंशय ओळखता येते. तिचे तेल तीक्ष्णोष्ण असल्याने पित्तप्रकृतीस व रक्तपित्ताच्या रुग्णास जपून.

संग्रहाविषयी एक महत्त्वाची सूचना. जलब्राह्मी ही पाण्यातील कॅडमियमसारखे जड धातू शोषून साठवणारी वनस्पती म्हणून संशोधनात प्रसिद्ध आहे, तिचा हा गुण दूषित पाणी शुद्ध करण्यासाठीही अभ्यासला गेला आहे. शहराच्या सांडपाण्याच्या ओहोळाकाठी ती माजते ती हिरवीगार दिसते म्हणून तोडून आणणाऱ्याकडून घेऊ नये. कुंडीत वा आपल्या विहिरीच्या पाटाला ती सहज वाढते. स्वरसासाठी कच्ची पाने वापरताना वाहत्या स्वच्छ पाण्यात अनेकदा धुणे आवश्यक.

आता कोणास काय देऊ नये ते. यष्टीमधु दीर्घकाळ दिल्यास शरीरात क्षार व जल धरून ठेवते, रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम घटवते. रक्तदाबासाठी मूत्रल गोळी घेणाऱ्या वृद्धास हे रसायन लागू करणे हृदयाच्या गतीशी खेळ होय. अपस्माराचा जो रुग्ण फेनिटॉइन घेत असेल त्याची विस्मृती ऐकून शंखपुष्पीचे सरबत देऊ नये. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील औषधशास्त्र विभागाने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंखपुष्पीच्या कल्पाने रक्तातील फेनिटॉइन घटून झटक्यांवरील ताबा सुटतो असे दाखवून दिले. महाराष्ट्रातील या कामाची माहिती महाराष्ट्रातील वैद्यांसच कमी असावी हे खेदजनक आहे. २०२१ साली मुंबईतूनच गुडूची घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतदुष्टी आढळल्याचे वृत्त आले. द्रव्य चुकीचे होते की खरे, यावर वाद झाला व आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. वाद काहीही असो, पूर्वीचा यकृतविकार विचारणे व डोळ्यांत पिवळेपणा दिसताच औषध थांबवणे एवढे आपल्या हाती आहे. वेखंडातील बीटा-ॲसारोनमुळे अमेरिकेने १९६८ सालीच ते खाद्यपदार्थांत निषिद्ध केले. बाळघुटीतील एका वेढ्याने काही बिघडत नाही, परंतु वेखंडाचे चूर्ण चमच्याने रोज वर्षभर हा प्रकार टाळावा. डोनेपेझिल घेणाऱ्यास ब्राह्मीची जोड देताना नाडीची गती मोजावी, दोहोंनी ती मंदावण्याची शक्यता आहे.

एवढे सांभाळून आमचा अनुभव असा की ब्राह्मी घृत, म्हणजे जुन्या तुपात ब्राह्मीस्वरस व वेखंड, कुष्ठ, शंखपुष्पी यांचा कल्क घालून सिद्ध केलेले चरकोक्त घृत, सकाळी कोष्णजलासह ५ मिलिलिटरपासून अग्नी पाहून द्यावे. कृश, रूक्ष, निद्रानाशी वातप्रधान वृद्धास ते विशेष मानवते. स्थूल, मेदस्वी, मधुमेही, कोलेस्टेरॉल वाढलेल्या रुग्णास आधी लंघन-पाचन व चूर्णकल्प. लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्यासारखे धोके मांडले त्यांत वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल नव्याने समाविष्ट आहे, हे घृतप्रेमी मंडळींनी ध्यानात ठेवावे. त्याच यादीत श्रवणदोष व दृष्टिदोषही आहेत. ऐकूच न आलेले आठवणार कसे? कानातला मळ काढून वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करवूनही काही आजोबांची ‘विस्मृती’ निम्मी होते. अभ्यंग, नस्य, नियमित चालणे, मिश्री-तंबाखू सोडणे, रक्तदाब आटोक्यात ठेवणे ही चिकित्सा बाटलीत भरता येत नाही म्हणून ती गौण ठरत नाही.

अल्झायमरचा व्याधी निश्चित झाल्यावर मात्र नातेवाइकांस बरे होण्याचे वचन देऊ नये. झोप, भूक, चिडचिड, मलावष्टंभ यांत आपली चिकित्सा उपयोगी पडते, गेलेली स्मृती परत येत नाही. मेंदूच्या विकारांवर रामबाण उपाय म्हणून जाहिरात करणे हे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या कक्षेत येते, हेही फार्मसीधारकांस ठाऊक असावे. आणि घरच्यांस लवकर सांगावे अशी एक गोष्ट : बँकेची खाती, निवृत्तिवेतन व सातबारावरील सह्या यांची व्यवस्था रुग्णास समजत आहे तोवर त्याच्या संमतीने लावून घ्यावी. नंतर कोणाच्या सांगण्यावरून कशावर अंगठा उठला हे त्यास सांगता येत नाही, आणि भावाभावांत त्यावरून दावे उभे राहिलेले आम्ही पाहिले आहेत.

दहावी-बारावीच्या परीक्षेआधी जानेवारी-फेब्रुवारीत मुलांसाठी होणारी ‘मेमरी टॉनिक’ची मागणी हा वेगळा विषय. त्या मुलाचे हिमोग्लोबिन, चष्म्याचा नंबर आणि रात्री हातात मोबाइल किती वाजेपर्यंत असतो एवढे तिन्ही विचारल्यावर बाटलीची गरज क्वचितच उरते. ब्राह्मी द्यायचीच तर परीक्षेच्या आधी किमान तीन महिने, कारण तिचे कार्य त्याआधी दिसत नाही. पंधरा दिवस आधी बाटली नेणाऱ्या पालकास विक्रेत्याने हे मोकळेपणाने सांगावे. वृद्धांस औषध देताना दुकानाच्या वहीत आरंभाची तारीख व चालू ॲलोपॅथी औषधे लिहून ठेवावीत, आणि तिसरी बाटली मागण्यास आलेल्यास पुढची देण्याआधी वैद्याकडे पाठवावे.